न दुखलेल्या जखमांसाठी

माणूस गेला की तिथी मागे राहते. त्या तिथीला पान वाढलं जातं, दिवा लागतो, नाव घेतलं जातं. पण माणूस जिता असताना त्याच्या हातातला स्पर्श गेला, तर त्याची तिथी कुठली? कुष्ठरोगाने हातपाय अधू झालेल्या कुणालाही विचारून पाहा, करंगळी नेमकी कधी बधिर झाली हे सांगता येत नाही. पेरणीच्या आधी असेल, नाहीतर धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणानंतर, एवढंच उत्तर मिळतं. जे गेलं ते जाताना दुखलं नाही, म्हणून कुणी रडलं नाही. आणि ज्यासाठी कुणी रडलं नाही, ते घराच्या आठवणीत दुःख म्हणून राहिलंच नाही. त्या राहून गेलेल्या रडण्याचं हे लिहिणं आहे.

सुरुवात एका चट्ट्याने होते. त्वचेहून फिकट, कधी तांबूस. पाठीवर, दंडावर, मांडीच्या मागे, जिथे स्वतःची नजर सहसा पोचत नाही तिथे. तो खाजत नाही, ठणकत नाही, झोपमोड करत नाही. भर उन्हातून माणूस घरी येतो तेव्हा सगळी पाठ घामाने निथळत असते आणि तेवढाच एक तुकडा कोरडा असतो, कारण तिथल्या घामाच्या ग्रंथींपर्यंत जाणारे मज्जातंतू केव्हाच मुके झालेले असतात. ही कोरडी जागा पाहायला पाठीमागे कुणीतरी उभं असावं लागतं, आणि त्याला थांबून बघायची उसंत असावी लागते. रोजमजुरीच्या घरात ती कुणाला असते? तिथे अंगात ताप असतानाही निंदणीला जावं लागतं. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवणार?

या रोगाच्या जंतूइतका सावकाश जंतू क्वचितच असेल. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १८७३ साली आर्मावर हॅन्सन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. इतर कित्येक जंतू तासाभरात एकाचे अनेक होतात, याला एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. शरीरात शिरल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी वीसही. शंभरातल्या पंचाण्णव माणसांची प्रतिकारशक्ती त्याला मुळात थाराच देत नाही. ज्यांच्यात थारा मिळतो त्यांच्या शरीरातल्या गार जागा तो शोधतो : कानाची पाळी, नाकाचं अस्तर, डोळ्याचा पुढचा भाग, त्वचा, आणि त्वचेच्या अगदी जवळून जाणारे मज्जातंतू. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे हाडाच्या खोबणीतून एक शीर जाते, अगदी उघड्यावर, बोटाने चाचपता येईल अशी. या रोगाचा हातावरचा पहिला घाला बहुतेकदा तिथेच पडतो. शीर सुजते, दोरीसारखी जाड होते. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होतं, नंतर आत वळतं. पंजा अर्धा मिटून राहतो, उघडा म्हटलं तरी उघडत नाही.

यवतमाळकडच्या एका वस्तीवर अशा हाताने थापलेली भाकरी मी पाहिली आहे. परातीत पीठ मळून तिथल्या एका मावशींनी गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली. उजव्या हाताची तीन बोटं सरळ पडत होती, उरलेली दोन आत वळलेली. दर थापेला त्या वळलेल्या बोटांची पेरं पिठात रुतत होती, आणि भाकरी फिरत होती तशी तिच्या कडेने खळग्यांची एक रांग उमटत चालली होती. मावशी डाव्या हाताच्या अंगठ्याने ते खळगे बुजवत होत्या आणि पुढच्या थापेला नवे पडत होते. त्यांच्या बोलण्यात मात्र कुठे खंड नव्हता. कितीतरी वर्षांच्या सरावाने त्या दोन हातांनी आपसात कामाची वाटणी करून घेतली होती.

हात असा होण्याआधीची गोष्ट त्यांनी सांगितली. घरात त्यांच्या हाताचं कौतुक होतं. तव्यावरची भाकरी त्या हातानेच उलटायच्या, चुलीवरचं पातेलं सांडशीवाचून उतरवायच्या. सासू शेजारणींना सांगायची, आमच्या सुनेच्या हाताला चटका बसत नाही. सुनेलाही ते भूषण वाटायचं. एके दिवशी काहीतरी करपल्याचा वास आला. भाकरी पाहिली तर ती नीट होती. मग हाताकडे पाहिलं. करंगळीखालचं कातडं पातेल्याला चिकटलं होतं. ‘‘लवकर दवाखान्यात का नाही गेलात?’’ या माझ्या प्रश्नाला त्यांनी उलट प्रश्न केला : ‘‘दुखलंच नाही ना जी, मंग दवाखान्यात काहून जाऊ?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपलं सगळं आरोग्यशास्त्र रोग्याच्या कण्हण्यावर उभं आहे. ज्याला दुखतं तो येतो, येतो त्याला तपासतात, तपासतात त्याला औषध मिळतं. जो रोग कण्हणंच काढून घेतो, त्याच्या रोग्याने या साखळीत शिरायचं तरी कुठून?

कुष्ठरोगात बोटं झडतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बोटं झडत नाहीत. ती झिजतात, भाजतात, कापली जातात, पुन्हा पुन्हा, आणि मालकाला पत्ता लागत नाही. विळीचा काप, चुलीतलं लाकूड, कुदळीच्या दांड्याने आलेला फोड. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसतं. त्याच जखमेवर पुन्हा काम, पुन्हा ओझं. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड विरघळत आखूड होत जातं. नख मात्र बऱ्याचदा टिकून राहतं, आखडलेल्या बोटाच्या टोकाशी बसलेलं इवलंसं नख.

हे नीट उमगायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या रुग्णालयात आले. कुष्ठरोग्याचं मांसच नासकं असतं, त्याच्या जखमा भरतच नाहीत, अशी डॉक्टरांचीही तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. प्रत्येकीमागे एखादा खिळा, एखादा चटका, एखादी घट्ट चप्पल निघाली. त्याच जखमेला प्लास्टरमध्ये विसावा दिला, तर ती इतर कुणाच्याही जखमेसारखी भरून येत होती. मांस निरोगी होतं, गेलेला होता तो राखणदार. ज्या वेदनेला आपण जन्मभर शिव्या देतो, ती आपल्या पेरापेरांवर रात्रंदिवस पहारा करत असते. खडा टोचला की पाऊल आपोआप हलकं पडतं, एका पायाला शीण आला की भार दुसऱ्यावर जातो, फोड आला की हात काम थांबवतो. हे आपण ठरवून करत नाही, वेदना ते परस्पर उरकून टाकते. तिची किंमत कळायला ती गेलेली पाहावी लागते.

पायाचंही तेच होतं. घोट्याजवळची शीर गेली की तळवा मुका होतो. चपलेतून खिळा वर येतो आणि माणूस बाजारहाट उरकून घरी येईपर्यंत त्यावरच चालत राहतो. गुडघ्याजवळची शीर गेली की पाऊल लुळं पडतं. मग तो माणूस दर पावलाला गुडघा उंच उचलून पाय टाकतो, पाणी तुडवत चालल्यासारखा. चेहऱ्याची शीर गेली की पापणी मिटत नाही. डोळा झोपेतही उघडा राहतो, त्यात धूळ जाते, बुबुळावरची जाणीव गेलेली असल्याने ती खुपत नाही, आणि दृष्टी हळूहळू गढूळ होत जाते. ज्याच्या बोटांना स्पर्श नाही त्याला डोळ्यांवर सगळी मदार ठेवावी लागते. त्या माणसाचे डोळे जातात, तेव्हा त्याच्याकडून जगच काढून घेतलं जातं.

आपण या माणसांचं काय केलं, हेही या शोकाच्या हिशेबात मांडलं पाहिजे. मुंबईत १८९० साली महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळ्याकडे आश्रम उभा राहिला. औषध नव्हतं त्या काळात निदान छप्पर आणि अन्न मिळालं, पण शहराच्या रस्त्यांवरून ही माणसं हलवावीत हाही त्यामागे हेतू होता. १८९८ साली इंग्रज सरकारने कायदा केला. निर्धन कुष्ठरोगी दिसला की पोलिसाने त्याला वॉरंटशिवाय धरावं, त्याने विकायला अन्न करू नये, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करू नये, अशी त्यात तजवीज होती. इंग्रज गेले, औषधं आली, रोग बरा होऊ लागला, तरी हा कायदा देशाच्या दप्तरातून रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची मुभा कायद्यातून गेली ती २०१९ साली. त्याआधी कित्येक दशकं हा रोग गोळ्यांनी बरा होत होता. ज्यांचे संसार या मुभेखाली मोडले, त्यांना त्या दुरुस्तीने काय परत दिलं?

याच मातीत वेगळी माणसंही झाली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्री या कुष्ठग्रस्त संस्कृत पंडितांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांचं अंग चोळलं. वरोऱ्याजवळच्या दगडाळ जमिनीवर बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९४९ पासून आनंदवन घडवलं. ही नावं महाराष्ट्राला पाठ आहेत आणि ती पाठ असायलाच हवीत.

पण त्या विहिरी खणणारे, त्या भिंती बांधणारे, त्या माळावर भाजीपाला पिकवणारे हात कुष्ठरोग्यांचे होते. वळलेल्या बोटांत पहार धरून त्यांनी खडक फोडला, आणि तो फोडताना तळहात फुटला असेल तर तेही त्यांना उशिरा कळलं असेल. त्यातल्या कितीजणांनी घराण्याची बदनामी नको म्हणून आडनाव टाकलं. बहिणीचं लग्न अडू नये म्हणून भाऊ मेल्याचं गावात सांगितलं गेलं, आणि तो भाऊ दूरच्या वसाहतीत आणखी तीस-चाळीस वर्षं जगला. त्याचे दिवस त्याच्या जितेपणीच घातले गेले. खरोखर गेला तेव्हा रडायला घरचं कुणी नव्हतं, शेजारच्या खोलीतल्या, त्याच्यासारख्याच झिजलेल्या हातांनी त्याला खांदा दिला. त्या माणसांची नावं मला ठाऊक असती, तर इथे एकेक करून लिहिली असती.

मग औषध आलं. गेल्या शतकाच्या चाळीशीत सल्फोनची औषधं आली आणि रोग पहिल्यांदा हटू लागला. त्यांतल्या एकट्या डॅप्सोनला जंतू सरावले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला : रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन. महिन्याचं एक पाकीट, सहा किंवा बारा महिने. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांना लागण व्हायचा धोका उरत नाही. १९९५ पासून ही पाकिटं जगभर फुकट मिळतात. हजारो वर्षं माणसाला गावकुसाबाहेर काढणारा रोग महिन्याला एका पाकिटावर आला. माणसाच्या कर्तबगारीत याच्या तोडीचं फार थोडं आहे, आणि हे मी अत्यंत आदराने लिहितो.

तरीही माझ्या मनातला शोक या औषधानंतरच्या हातांसाठीच अधिक आहे. औषध नव्हतं तेव्हा जे गेलं, त्याला दैव म्हणून सोडून देता येतं. औषध गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट ठेवलेलं असताना जो पंजा वळतो, त्याला दैव म्हणायला जीभ रेटत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हा त्याचा निकष होता. लोकांनी ते रोग संपला असं ऐकलं. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळत गेली, आणि घरोघर जाऊन पाठी तपासणारे, कोपरामागची शीर चाचपणारे अनुभवी हात एकेक करून निवृत्त झाले. अजूनही देशात दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. २०२०-२१ या करोनाच्या वर्षात फक्त ६५,१४७ सापडले. रोग त्या वर्षी रजेवर गेला नव्हता, शोधणारे घरात अडकले होते. ते न सापडलेले चट्टे पुढची वर्षं पाठीवर शांतपणे पसरत राहिले. दर शंभर नव्या रुग्णांत दोघा-तिघांचे हात, पाय किंवा डोळे पहिल्या तपासणीच्या दिवशीच अधू झालेले असतात. त्यांच्या कागदावर सहा-बारा महिन्यांनी ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का बसतो. जंतू मेलेला असतो. बोट वळलेलंच असतं.

बरं झाल्यानंतरचं हे आयुष्य आपण कधी डोळ्यांसमोर आणतो का? रोज संध्याकाळी एका घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, हात आणि पाय अर्धा तास त्यात बुडवून ठेवायचे, कारण घाम येत नसल्याने कातडी कोरडी पडून फाटते. मग खरखरीत दगडाने कडा हळूच घासायच्या आणि ओल्या अंगावरच तेल चोळायचं. तळवे रोज नजरेखालून घालायचे, जिथे लाल दिसेल तिथे उद्या भार द्यायचा नाही. चहाचा पेला फडक्यात धरायचा. विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळायच्या. आत मऊ रबर असलेली चप्पल घालायची, आणि लोक तिला ओळखतात म्हणून ती घालायलाही धीर लागतो. आपली वेदना जे काम न सांगता करते, ते या माणसांना आठवणीने, नेमाने, मरेपर्यंत स्वतः करावं लागतं. एका दिवसाचा विसर एका जखमेएवढा पडतो.

शस्त्रक्रियेने वळलेली बोटं सरळ करता येतात. वेल्लोरला ब्रँड यांनी आणि मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी ही वाट रुळवली. शाबूत स्नायूचा कंडरा काढून बोटाच्या दुसऱ्या बाजूला जोडतात, तीनेक आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. जो स्नायू आजवर बोट मिटत आला, त्याला आता ते उघडायला शिकवायचं. माणूस आपल्याच हाताकडे टक लावून बसतो, मनोमन आज्ञा देतो, आणि कधीतरी बोट हलतं. शर्टाचं बटण स्वतः लावता येतं, भाताचा घास नीट उचलता येतो. त्याहून मोठा आनंद नाही. फक्त भात गरम आहे की गार, हे त्या बोटांना त्यानंतरही कळत नाही.

आणि मग हा माणूस शिधा घ्यायला रेशन दुकानाच्या रांगेत उभा राहतो. यंत्र अंगठा मागतं. झिजलेल्या अंगठ्यावर रेघाच उरलेल्या नाहीत. डोळ्याने ओळख पटवावी तर डोळाही त्याच रोगाने गेलेला. ज्यांना बोटं नाहीत त्यांच्यासाठी नियमांत सवलती आहेत, पण त्या सवलती रांगेपलीकडच्या माणसाला ठाऊक असाव्या लागतात. आपण कोण आहोत हे सिद्ध करायला या माणसाला आपलं नसलेपणच पुन्हा पुन्हा पुढे करावं लागतं.

एकदा पुरती मेलेली शीर जिवंत होत नाही. पण मरू घातलेली वाचते. शीर दुखरी झाली, पकड नुकती सैल पडू लागली, करंगळी नुकती बधिर झाली, आणि सहा महिन्यांच्या आत ते कुणाच्या ध्यानात आलं, तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी हात पुष्कळदा पूर्ववत होतो. याला महागडं यंत्र लागत नाही. कोपरामागे चाचपणारं शिकलेलं बोट लागतं, डोळे मिटायला सांगून तळहातावर पेनचं टोक टेकवून ‘कुठे लागलं?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. घरात एकमेकांच्या पाठीकडे पाहायची सवय लागते, आणि चट्टा दिसला तर तो लपवायचा नाही एवढी माया. मावशींच्या सासूला हे कुणी सांगितलं असतं, तर तिनेच चटका न बसणाऱ्या सुनेला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. कौतुक करणारी बाई होती ती, दुष्ट नव्हती.

म्हणून या शोकातून माझी एकच मागणी निघते. दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिनाची शपथ घेतली जाते. ती चांगलीच आहे. पण वर्षातले उरलेले दिवसही चट्टे पसरत असतात. गावच्या आशा सेविकेला पाठ पाहायचं शिक्षण आणि त्याचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे. आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरला शीर चाचपता आली पाहिजे. रोगमुक्त माणसाच्या तपासण्या शिक्क्याबरोबर संपता कामा नयेत, कारण औषध संपल्यानंतरही शिरा सुजतात आणि हात जाऊ शकतो. ज्याला दुखत नाही त्याने आपण होऊन दवाखान्यात यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. दवाखान्यानेच त्याच्या दारी गेलं पाहिजे, आणि एकदा जाऊन थांबता कामा नये.